सात गुण आणि एक खुर्ची

४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण घरात जे घडलं ते कुठल्या तोंडाने लिहावं हे सुचत नव्हतं. हिने फोनवर तुला अर्धंमुर्धं सांगितलंच असेल. उरलेलं आता माझ्याकडून ऐक.

बल्बच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो. चौतीस वर्षांच्या तपासणीत माझ्या हातून एकही सदोष बल्ब बाहेर गेला नाही, असं मोठे साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले. त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवण होतं. लेक, जावई, त्यांची तीन वर्षांची छोटी आणि व्याही-विहीणबाई असे सगळे आले होते. जावयाने माझ्यासाठी स्वतःच्या हाताने खुर्ची करून आणली होती. सुतार असला तरी गिऱ्हाइकांची कामं सांभाळून चार महिने खपला होता बिचारा. आम्ही खिडकीजवळचं टेबल हलवून तिथे खुर्ची ठेवली, आणि मी सगळ्यांसमोर थाटात बसलो.

खुर्ची डुगडुगली.

दुसरा कोणी गप्प बसला असता. मी उठलो, कपाटातून पातळी बघायची पाणसळ काढली आणि खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला. पायाखालच्या फटीत पट्टी सरकवून पाहिली, तर चोख दोन मिलिमीटर. मग सवयीने खिशात हात गेला आणि तिथे नेमकी कारखान्यातली लाल चिठ्ठी निघाली. नापास मालाच्या पेटीला बांधतात ती. ती मी खुर्चीच्या हाताला बांधली. सगळे हसतील असा माझा अंदाज होता. कोणी हसलं नाही.

जावई खुर्ची खांद्यावर घेऊन जिना उतरला. पाठोपाठ व्याही. लेक छोटीला घेऊन सगळ्यात शेवटी निघाली आणि दारात मला म्हणाली की, बाबा, तुमचा स्वभाव बदलला की कळवा, मग येऊ.

माफी मागायला मी एका पायावर तयार आहे. पण खुर्ची डुगडुगत नव्हती असं खोटं कसं म्हणू? तेव्हा स्वभावच बदलायचा, असं ठरवलं आहे. जाड कार्डशीटवर बारा आठवड्यांचा तक्ता आखला आहे. गुण सात: वक्तशीरपणा, टापटीप, सत्य, मितभाषण, सहनशीलता, कृतज्ञता आणि नम्रता. जमलं तर टिक, चुकलं तर फुली. लेक ‘कळवा’ म्हणाली आहे, आणि पुराव्याशिवाय काही कळवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

छोटी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर मागे वळून बघत होती. ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

गुडघ्याचे व्यायाम करतेस ना? लोभ कमी करू नकोस, सध्या या घरात त्याची टंचाई आहे.

तुझा धाकटा भाऊ


११ जानेवारी

चि. मापट्यास,

अनेक आशीर्वाद.

या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. बिस्किटाचे दोन भाग करताना पट्टी आणणारा मुलगा साठीला आला तरी मापट्याच राहतो, हे तुझ्या पत्रावरून सिद्ध झालं. पत्र वाचून मी आधी कपाळावर हात मारला आणि मग एकटीच हसत बसले. शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली.

तुझा तक्ता मी नीट वाचला. सात गुणांपैकी पहिले तीन तुझ्यात पाळण्यापासून आहेत. तू वेळेआधी दोन दिवस जन्मलास, चपला जोडीने लावायला चालण्याच्या आधी शिकलास, आणि सत्याचं म्हणशील तर तुझ्या सत्यामुळेच ही वेळ आली आहे. हे तीन गुण तू फुकटच्या टिका मिळवायला घातले आहेस. मी तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होते, तेव्हा मला असले रोगी चांगले ठाऊक आहेत. डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं की ते हात पुढे करतात, कारण हात धुतलेला असतो.

माझं ऐकशील तर तक्ता गुंडाळून ठेव, सरळ जावयाच्या दारात जा आणि चुकलं म्हण. खुर्चीबद्दल नको म्हणूस, चिठ्ठीबद्दल म्हण. त्याला दोन मिनिटं लागतात. पण तू ऐकणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

गुडघ्याची चौकशी करू नये. माझा लोभ आहे तिथेच आहे, त्याला टिकही नको आणि फुलीही नको.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

कळवायला आनंद वाटतो की चार आठवड्यांत तक्त्यावर एकही फुली नाही. अठ्ठावीस टिका! मला स्वतःलाच इतकी अपेक्षा नव्हती.

आठवड्याला सात गुण आणि सात दिवस, म्हणजे टिका एकोणपन्नास व्हायला हव्यात, असा हिशेब तू लगेच मांडशील म्हणून पद्धत सांगतो. कारखान्यात प्रत्येक बल्ब पेटवून बघत नाहीत. पेटीतला एक काढायचा, तो नीट पेटला की सगळी पेटी पास. त्याच न्यायाने मी आठवड्यातला एक दिवस तपासतो. सोयीसाठी मंगळवार धरला आहे. मंगळवार पास झाला की आठवडा पास.

मंगळवारचा मी तू बघायलाच हवास. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी आमची शिडी नेऊन सात महिने झाले. परवा ते हातोडी मागायला आले, तर मी हातोडी दिली आणि वर आभारही मानले. हिने साबणाचं भांडं फोडलं, मी चकार शब्द काढला नाही. एक गोष्ट मात्र चमत्कारिक वाटते. मंगळवारी घरात कामं फार निघतात. माळ्यावरच्या ट्रंका खाली काढणं, गाद्या उन्हात टाकणं, हिच्या मैत्रिणीला स्टेशनवर पोचवणं, सगळं मंगळवारीच येतं. भांडंही, आता आठवतं, रविवारी फुटलं होतं. दोन दिवस तिने ते सांगितलंच नव्हतं. बहुधा माझ्या सहनशीलतेवर लोकांचा विश्वास बसू लागला आहे.

बारा आठवडे संपले की तक्ता तुझी आणि हिची सही घेऊन लेकीकडे नेणार आहे. लोभ असू दे, निदान मंगळवारी तरी.

तुझा धाकटा भाऊ


९ फेब्रुवारी

चि. मापट्यास,

अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पेटीतून कोणता बल्ब काढणार हे तुम्ही बल्बाला आधी सांगत होतात का? मंगळवारी तू देवमाणूस आहेस आणि बुधवारी सकाळपासून पुन्हा तू आहेस, हे तुझ्या घरात तुझ्याशिवाय सगळ्यांना कळलं आहे. वरच्या दंतवैद्यांनासुद्धा.

आमच्या वॉर्डात रोग्याचा तापाचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकवत. रोग्याच्या हातात कधी देत नसत. दिला असता तर सगळेच दुसऱ्या दिवशी बरे होऊन घरी गेले असते. म्हणून आता मी सांगते तसं कर. चहाच्या रिकाम्या डब्यात सात वारांच्या सात चिठ्ठ्या टाक. दर रविवारी वहिनीने एक काढायची, तुला दाखवायची नाही. त्या दिवसाच्या खुणा तीच करील आणि तक्ता तिच्याच कपाटात कुलपात राहील. शेवटी मी सही करीन.

आणि हो, छोटीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत दोन मिनिटांचं ते काम करून टाकलंस तर बारा आठवडे थांबावं लागणार नाही. एवढं सांगून माझा लोभ गप्प बसतो.

तुझी ताई


२८ मार्च

ती. वन्संना,

सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी पहिले चार आठवडे स्वतःच रद्द केले, कारण तपासणी सदोष होती म्हणे, आणि नव्याने बारा मोजायला घेतले. तुमच्या डब्याची युक्ती फार लागू पडली. इतकी, की आता ती आवरती कशी घ्यावी हेच मला कळत नाही.

कोणत्या दिवशी तपासणी आहे हे कळत नसल्यामुळे हे सातही दिवस चांगले वागतात. सकाळी चहा दिला की आभार मानतात. मीठ सरकवलं की आभार मानतात. परवा माझ्या हातून ह्यांच्या पायावर पाटा पडता पडता राहिला, तर राहिला म्हणून आभार मानले. मितभाषणापायी जेवताना एक शब्द नाही. वर्तमानपत्रातली चूक सापडली की पूर्वी घर डोक्यावर घ्यायचे, आता पेन्सिलीने गोल करतात आणि लाल होऊन बसतात. घर दवाखान्याबाहेरच्या बाकड्यासारखं झालं आहे. वन्सं, तेहेतीस वर्षं मी ह्यांच्या कटकटीला कंटाळले होते, पण ही शांतता मला खायला उठते.

खरं सांगायचं तर चिठ्ठ्या काढणं मी तिसऱ्या आठवड्यातच सोडलं. रविवारी डबा खुळखुळवते, एवढंच. मग एका बैठकीत महिन्याच्या टिका भरून टाकते. तुम्ही मला बोलाल, पण ज्या माणसाने मागच्या बुधवारी रडवेल्या तोंडाने दंतवैद्यांना करवतही देऊन टाकली, त्याला फुली कुठल्या हाताने मारू?

छोटीच्या वाढदिवसाला हे सकाळी उठून दाढी करून, नवा सदरा घालून बसले. बोलावणं आलं नाही. दुपारी सदरा बदलला. तिच्यासाठी आणलेला भोवरा कपाटात आहे. तो चाळीस वेळा फिरवून तपासला आहे, मी मोजलं. मी अधूनमधून लेकीकडे जाऊन येते. तीही वाट बघते आहे, पण तिचं म्हणणं, माझ्या नवऱ्याचा चार लोकांत अपमान झाला, तर पहिलं पाऊल बाबांनी टाकावं. आणि हे आपले तक्ता पूर्ण व्हायची वाट बघत बसलेत.

मला ह्यांचा स्वभाव बदललेला नको आहे हो. मला लेक घरी यायला हवी आहे. तुम्ही मोठ्या आहात, काही तरी सुचवा. माया आहेच, ती अशीच पाठीशी राहू द्या.

तुमची भावजय


१४ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सहीचा तक्ता पोचला. पण त्याचं काय झालं ते सांगण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे. कशी लिहू हे कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

सोमवारी तक्ता गुंडाळून नळीत घातला, भोवरा खिशात टाकला आणि लेकीकडे गेलो. लेक कामावर गेली होती. त्यांच्या घराखालच्या सुतारखान्यात जावई रंधा मारत होता. मला बघून त्याने रंधा खाली ठेवला आणि या म्हणाला.  तेवढ्यात छोटी आतून धावत आली. मला वाटलं होतं ओळखणार नाही. तिने माझं बोट धरलं आणि मला सरळ कोपऱ्यात नेलं. तिथे ती खुर्ची होती. हाताला माझी लाल चिठ्ठी अजून तशीच. खुर्चीवर तिचा कापडी ससा निजवला होता. सशाला ताप आहे, आवाज करायचा नाही, असं मला बजावून तिने ससा उचलला आणि मला तिथे बसवलं.

मी श्वास रोखून डुगडुगण्याची वाट बघत होतो. खुर्ची हलली नाही. मी हळूच डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. मुद्दाम रेललो. ताई, दगडात रोवल्यासारखी स्थिर! म्हटलं, याने पाय तासून दुरुस्त केली असणार. राहवेना म्हणून जावयाला विचारलं की किती काढलेस. तो म्हणाला की काहीच नाही, त्या दिवसानंतर हत्यार लावलेलं नाही.

मी उठलो. तक्ता न देता, चहाही न घेता घरी आलो. छोटी मागून आजोबा, आजोबा करत होती, तरी थांबलो नाही. घरी येऊन खिडकीजवळच्या फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा पळाला. ती फरशी एका कोपऱ्यात खचली आहे. किती, ते तुला सांगायला नको.

बल्बच्या कारखान्यात रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे तपासणीचं मेज सपाट आहे की नाही हे बघणं. त्याशिवाय मी चौतीस वर्षांत एक बल्ब हातात घेतला नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर एका चोख खुर्चीला नापास केलं, स्वतःच्या घरची जमीन न तपासता. हिला हाक मारून दाखवलं, तर ही शांतपणे म्हणाली की तिथल्या टेबलाच्या पायाखाली ती बावीस वर्षं पुठ्ठा घालते आहे. मग त्या दिवशी बोलली का नाहीस असं विचारलं, तर म्हणाली की ती स्वयंपाकघरात वाढून घेत होती, आणि नंतर मी खुर्चीचं नाव काढू दिलं का? ते खरं आहे. काढू दिलं नाही.

 माझ्या सत्याच्या टिका मी आयुष्यभर मिरवल्या आणि खोटं नेमकं तिथेच निघालं.

मंगळवारी परत गेलो. (मंगळवार योगायोगाने आला.) अपमान व्याह्यांसमोर केला होता म्हणून त्यांनाही खाली बोलावलं. हात जोडून सांगितलं की खुर्ची बरोबर होती, जमीन वाकडी होती आणि मी मूर्खपणा केला. मितभाषणाच्या दृष्टीने एवढंच पुरे होतं, पण पुढेही बराच वेळ बोललो.

जावयाने काय सांगितलं माहीत आहे? त्याला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. खुर्ची ठेवतानाच त्याच्या पायाला खचलेली फरशी लागली होती. पाचर मारायला तो वाकणारच होता, तेवढ्यात मी पाणसळ घेऊन आलो. मग तू बोलला का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडलोच. तर म्हणाला की चौतीस वर्षांत एकही चूक केली नाही म्हणून त्या दिवशी तुमचा सत्कार झाला होता, सगळे ऐकून आले होते, अशा दिवशी तुमची चूक मी काढायची हे बरं दिसलं नसतं.

ताई, पाच महिने त्या मुलाने माझी चिठ्ठी काढली नाही आणि तोंडही उघडलं नाही. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती.  आत जाऊन चहा टाकला आणि त्यात दोनदा साखर घातली. मी सगळा प्यायलो.

जावयाने केलं त्याला काय म्हणतात? माझ्या सात रकान्यांत ते कुठेच बसत नाही. रविवारी सगळे जेवायला येणार आहेत. लोभ असू दे, माझी लायकी न तपासता.

तुझा धाकटा भाऊ


१९ मे

चि. मापट्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला, पण ते वय झाल्यामुळे असेल. जावयाने केलं त्याला काय म्हणतात ते मलाही माहीत नाही. वॉर्डात अशी माणसं असत. स्वतःचं दुखत असलं तरी शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून कण्हत नसत. त्यांच्या तक्त्यावर आम्ही फक्त ताप लिहायचो.

आता मला एवढंच सांग, माझ्या आणि वहिनीच्या सहीचा, एकही फुली नसलेला, चौऱ्याऐंशी टिकांचा तो अजब कागद तू लेकीला दाखवलास का? त्यात वहिनीचीही थोडी कलाकुसर आहे, पण ते तिच्याकडूनच ऐक.

तुला एवढं जमलं म्हणून मीही कालपासून गुडघ्याचे व्यायाम सुरू केले आहेत. कालचे झाले. आजचे राहिले. लोभ तुझ्यावर होताच, आता थोडा जावयाकडेही वळवते आहे, वाटून घ्या. पट्टी आणू नका.

तुझी ताई


२५ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

रविवारी सगळे आले. जावयाने खुर्ची खांद्यावरून आणली आणि मला कुठे ठेवू असं विचारलं. मी म्हटलं, होती तिथेच. खिडकीजवळची जागा माझी आहे आणि खुर्ची त्या जागेसाठी केली आहे. फरशी नवी बसवायची तर अर्धी खोली उकरावी लागेल.

ठेवली, तर अर्थातच डुगडुगली. सगळे माझ्याकडे बघू लागले. व्याह्यांनी घास हातातच धरला. पाचरीसाठी लाकडाचा तुकडा शोधायला जावई खाली निघाला, त्याला मी थांबवलं आणि कपाटातून तक्ता काढला. कार्डशीट जाड निघालं, तीनदा घडी घालून वर पायाने दाबलं आणि पायाखाली सरकवलं. पाणसळ लावायला हात शिवशिवत होता, पण लावली नाही. नुसता बसलो. छोटी मांडीवर चढली, तिच्यामागून ससाही चढला, आणि आम्ही तिघं हललो नाही.

लाल चिठ्ठी जावयाने आधीच सोडवून छोटीला दिली होती. छोटी ती आता मी दिलेल्या भोवऱ्याची दोरी बांधून ठेवायला वापरते.

जेवणं झाल्यावर लेक खाली वाकून बघत होती. पायाखाली रेघारेघांचं हे काय घातलंय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, रद्दी आहे. हे सांगणं धडधडीत खोटं होतं. सत्याच्या रकान्यात फुली मारायला हवी होती, पण त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागलं असतं, आणि छोटी मांडीवर झोपली होती.

तुझा धाकटा भाऊ